तीन आण्यांत सत्तावन्न हजार फोटो

१९१३ साली सुरतेत 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा गल्ल्यावर शुकशुकाट होता. नाटकाला चटावलेला प्रेक्षक दोन आण्यांत सहा-सहा तास नाटक पाहायचा. हा बोलपट नव्हे, मूकपट. त्यात गाणं नाही, नट समोर नाही, आणि खेळ दीड तासात आटोपतो. त्यासाठी तीन आणे कोण मोजणार? नाटक लांबवता येतं तसा हा खेळही जरा लांबवा, असा स्थानिक व्यवस्थापकाचा आग्रह होता. पण रिळं ताणून लांब होत नाहीत. धुंडिराज गोविंद फाळके यांनी खेळ आहे तसाच ठेवला, जाहिरात मात्र बदलली. नव्या जाहिरातीचा आशय असा होता: सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत! त्यानंतर गल्ला भरू लागला, असं फाळक्यांचे चरित्रकार सांगतात.

या जाहिरातीचा हिशेब आज पुन्हा मांडून पाहण्यासारखा आहे. 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा, सुमारे ३,७०० फुटांचा होता. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. म्हणजे ३,७०० फुटांत ५९,२०० चित्रं. फाळक्यांनी सांगितलेला सत्तावन्न हजारांचा आकडा म्हणजे थाप नव्हती. उलट थोडा हात राखूनच सांगितलेला होता. दोन मैलांचं मात्र तसं नाही. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट, आणि फाळक्यांची फिल्म एक मैलसुद्धा भरत नव्हती. एक आकडा चोख, दुसरा जवळजवळ तिप्पट फुगवलेला, आणि दोन्ही एकाच दमात सांगितलेले. तीन आणे म्हणजे जुने बारा पैसे. पैशाला ४,७५० फोटो! ज्या काळात घरात एखादा फोटो असणं हीसुद्धा मिरवण्याची गोष्ट होती, त्या काळातल्या सुरतकराला हा व्यवहार कळायला वेळ लागला नसणार.

या जाहिरातीत हरिश्चंद्राच्या सत्त्वपरीक्षेबद्दल अवाक्षर नाही. तारामती नाही, विश्वामित्र नाही, पुण्यसंचय नाही. कथा लोकांना पाठच होती. फाळक्यांनी विकायला काढलं ते यंत्राचं नवल. आज फोनवर ज्या कल्पक जाहिराती लोक आपणहून एकमेकांना धाडतात, त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी हाच प्रकार असतो: वस्तूची थोरवी गाण्याऐवजी बघणाऱ्याला 'हे यांनी केलं तरी कसं?' या प्रश्नात अडकवायचं. मग तो माणूस तो प्रश्न दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. इंटरनेटच्या कितीतरी आधी, दादरच्या एका बिऱ्हाडात, फाळक्यांनी हे तंत्र एकहाती उभं केलं होतं.

ते त्यांना साधलं त्याचं कारण त्यांच्या आधीच्या धडपडीत आहे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात. गोध्र्यात त्यांनी फोटोग्राफीचा धंदा केला. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि स्वदेशीच्या लाटेत ती सोडली. लोणावळ्याला ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढला, रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ साली जर्मनीला जाऊन आले, आणि पुढे भागीदारांशी बिनसल्यावर भरभराटीला आलेल्या त्या धंद्यातून बाहेर पडले. याच्या जोडीला जादूच्या प्रयोगांचा नाद. स्वतःचं आडनाव उलटं करून ते 'प्रोफेसर केळफा' या नावाने खेळ करायचे. छपाईवाल्याची नजर, फोटोवाल्याचा हात आणि जादूगाराचं टाळकं एकाच माणसात आलं होतं. गिरगावातल्या 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये येशूच्या चरित्रावरचा चित्रपट पाहताना राम-कृष्ण पडद्यावर आणायचं त्यांच्या मनाने घेतलं, ते १९११ च्या सुमारास. त्यानंतर रोज चार-पाच तास चित्रपट पाहणं आणि उरलेल्या वेळात वाचन व खटपटी, असा क्रम सुरू झाला. झोप तीन तासांवर आली, डोळे दुखावले, काही काळ दिसेनासंही झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली आणि फाळके पुन्हा कामाला लागले.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून उभ्या केलेल्या पैशावर ते १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे नेलं. हेपवर्थने स्टुडिओ मोकळेपणाने दाखवला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ५० पौंडांना घेऊन एप्रिलमध्ये फाळके परतले. कॅमेरा आला, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आलं, कच्ची फिल्म आली. चित्रपट काढायला लागणारे पैसे तेवढे नव्हते.

सावकाराला चित्रपट म्हणजे काय हे तोंडी पटवणं कठीण होतं. फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कुंडीसमोर कॅमेरा लावून ठेवला. महिनाभराहून अधिक काळ, रोज थोडं थोडं चित्रण करत, त्यांनी अंकुर फुटण्यापासून वेल वर चढेपर्यंतची सगळी वाढ टिपली. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाणारी ही फिल्म मिनिटभराहून जरा मोठी होती. रोज एकच चित्र घेतलं, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आढळतं. पण सेकंदाला १६ चित्रांच्या हिशेबाने मिनिटाला ९६० चित्रं लागतात, म्हणजे महिनाभरात रोजची निदान तीसेक तरी. कॅमेरा हँडलवर चालणारा. रोज तेवढीच चित्रं, कुंडी जागची हलू न देता, उजेड सारखाच धरून. हे काम हौसेचं असलं तरी वेठबिगारीहून कमी नव्हतं.

ही फिल्म त्यांनी मोजक्या मंडळींना दाखवली. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. नाडकर्णींनी विलायतेच्या प्रवासालाही हात दिला होता. या मिनिटभराच्या चित्राने त्यांना न कथा सांगितली, न नफ्याचं गणित. महिन्याची वाढ मिनिटात दिसली, आणि हा गृहस्थ बोलतो ते करून दाखवू शकतो एवढी खात्री पटली. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ याने १९१० सालीच फुलं उमलतानाची अशी फिल्म केली होती. म्हणजे युक्ती जगाला अगदीच अनोळखी नव्हती. पण भांडवल उभं करण्यासाठी तिचा असा उपयोग करणं, हे फाळक्यांचं डोकं.

तरीही पैसे पुरले नाहीत. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. त्यांचा वाटा तेवढाच नव्हता. विलायतेहून येणाऱ्या कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसत. ती रात्री अंधारात बसून पाडावी लागत. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं, आणि घरातली निजानीज झाली की फिल्म हाताच्या अंदाजाने यंत्रात सरकवत भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं. त्या भोकांचं अंतर जरा चुकलं की पडद्यावर चित्र थरथरायचं. सुरतेच्या जाहिरातीतल्या सत्तावन्न हजार फोटोंपैकी प्रत्येकाला दोन्ही कडांना चार-चार भोकं लागतात, हे ध्यानात घेतलं की त्या बिऱ्हाडातल्या रात्री कशा गेल्या असतील याचा अंदाज येतो.

नट मिळवण्यासाठीही फाळक्यांनी 'इंदुप्रकाश'सारख्या पत्रांत जाहिरात दिली. आले ते बहुतेक अगदीच सुमार. तेव्हा कुरूप माणसांनी अर्ज करू नयेत, अशा अर्थाची ओळ जाहिरातीत घालावी लागली, असा किस्सा प्रसिद्ध आहे. बाईमाणूस तर मिळेचना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले, आणि रोहिदासाच्या भूमिकेत फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाकं मुरडत. म्हणून कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो म्हणून सांगा, असं फाळक्यांनी आपल्या माणसांना पढवून ठेवलं होतं. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या चित्रपटाचं नाव त्यावरूनच आलं. सहा महिने सत्तावीस दिवसांनी काम पुरं झालं.

२१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या 'ऑलिंपिया'त निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी सँडहर्स्ट रोडवरच्या 'कोरोनेशन'मध्ये चित्रपट सर्वांसाठी लागला. पहिल्या खेळांची जाहिरात पाहिली की फाळके आणि थिएटरवाले किती सावधपणे पावलं टाकत होते ते दिसतं. एकट्या हरिश्चंद्रावर भिस्त नव्हती. आधी आयरीन डेल मार या बाईंचं नृत्य, मग मॅक्लेमेंट्स यांचं विनोदी प्रहसन, पायांवर वस्तू झेलणारा अलेक्झांडर, एक विनोदी आखूड फिल्म, आणि या सगळ्यानंतर राजा हरिश्चंद्र. तिकिटाचे दर दुप्पट, हेही जाहिरातीतच बजावलेलं. रोजचे खेळ चार, शेवटचा रात्री पावणेबाराला.

या खेळाची बातमी मुंबईबाहेर नेऊ शकतील अशी माणसंही शहरातच होती. त्या वेळच्या मुंबईत बाहेरगावाहून आलेल्या लोकांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोकांचा भरणा सर्वांत मोठा होता. जिल्हाही तेव्हा आजच्यापेक्षा मोठा. सिंधुदुर्ग त्यातून वेगळा निघाला तो १९८१ साली. गिरण्या, गोदी, घरकाम, कारकुनी सगळीकडे कोकणी माणूस होता, आणि गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत एकेका खोलीत गावचे दहा-दहा जण राहत होते. शिमग्याला आणि गणपतीला हे चाकरमानी बोटीने घरी जायचे. देव पडद्यावर चालतात-फिरतात ही वार्ता मुंबईतून कोकणात छापील जाहिरातीच्या आधी या माणसांच्या तोंडून गेली असेल, असं म्हणायला हरकत नाही. दशावतार आणि नमन-खेळे पाहत वाढलेल्या माणसाला देवाचं सोंग नवं नव्हतं. सोंग घेतलेला माणूस जागेवर नसतानाही सोंग दिसतं, हे मात्र त्याला नवीन होतं.

मोठ्या चित्रपटांच्या जोडीला फाळक्यांनी ज्या आखूड फिल्म केल्या, त्या आजच्या 'रील'च्या सख्ख्या नातलग वाटतात. 'मोहिनी भस्मासुर'सोबत 'पिठाचे पंजे' ही छोटी विनोदी फिल्म दाखवली जायची. 'लक्ष्मीचा गालिचा'मध्ये कॅमेऱ्याच्या करामती होत्या. 'प्रोफेसर केळफा'चे जादूचे प्रयोग त्यांनी पडद्यावर आणले. आणि 'आगकाड्यांची मौज'! आगपेटीतल्या काड्या आपणहून हलतात, आकार घेतात, असं त्यात दाखवलं होतं. काडी तसूभर सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. ही फिल्म आज उपलब्ध नाही, पण भारतीय सचेतपटाच्या इतिहासात पहिलं नाव तिचंच घेतात.

आगकाडीच का? ती स्वस्त, ताठ, हलकी, आणि कुठेही मिळणारी. फ्रान्समध्ये एमिल कोलने १९०८ सालीच काड्या नाचवल्या होत्या. इंग्लंडमध्ये आर्थर मेलबर्न-कूपरने काड्यांच्या बाहुल्यांकडून फळ्यावर चक्क जाहिरात लिहून घेतली: सैनिकांना आगपेट्या पाठवा, म्हणून. तिच्या सालाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. काहीजण ती १८९९ ची मानतात, काही पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीची. साल कुठलंही धरलं तरी एक गोष्ट दिसते. जडवस्तू हलवून दाखवण्याची कला हाती येताच तिचा जाहिरातीसाठी उपयोग करायला माणसाने फारसा वेळ लावला नाही.

१९१४ साली युद्ध पेटलं. कच्च्या फिल्मचा पुरवठा आटला, सावकारांनी हात आखडते घेतले. फाळके नुकतेच दुसऱ्यांदा लंडनला जाऊन आपले चित्रपट दाखवून आले होते. तिकडे कौतुक झालं होतं, पण कौतुकावर कारखाना चालत नाही. माणसांचे पगार थकले. मग त्यांनी वाटाण्याच्या कुंडीचाच डाव मोठ्या प्रमाणावर टाकला. 'चित्रपट कसे तयार करतात' नावाची आखूड फिल्म केली. तिच्यात स्वतः फाळके आहेत: नटांना शिकवताना, फिल्मची पट्टी उजेडासमोर धरून निरखताना, कामात बुडालेले. तिचे जपून ठेवलेले तुकडे आजही पाहायला मिळतात. आता चित्रपटाच्या बरोबरीने 'मेकिंग'चा व्हिडिओ सोडणं ही रीतच पडली आहे. फाळक्यांनी तो कर्ज मिळवण्यासाठी केला. कारखाना कसा चालतो हे कारखान्यात न नेता धनकोला दाखवायचं होतं. हे सामान घेऊन ते संस्थानिकांच्या दारी हिंडले, खेळ केले, मदत मागितली.

याच टप्प्यावर रत्नागिरीत जन्मलेल्या एका संपादकाचा हात पुढे आला. रत्नागिरीच्या टिळक आळीतल्या घरी १८५६ साली जन्मलेले लोकमान्य टिळक तेव्हा मंडालेहून सुटून पुन्हा राजकारणाच्या केंद्रस्थानी होते. फाळक्यांचा धंदा म्हणजे स्वदेशी उद्योग, तो बुडू देऊ नये, अशा भूमिकेतून 'केसरी'त आवाहन झालं. अच्युतराव कोल्हटकरांच्या 'संदेश'नेही तीच हाक दिली. पुढे मोठ्या भांडवलाची कंपनी काढून फाळक्यांना तिच्यात आणण्याची खटपटही टिळकांनी करून पाहिली; ती तडीस गेली नाही. टिळकांना या माध्यमाची ताकद कळली यात नवल नाही. घरातला गणपती चौकात आणून त्याच्याभोवती गर्दी उभी करणाऱ्या माणसाला लोक कशाने जमतात हे कोणी शिकवायला नको होतं. पैसा फंडातून उभा राहिलेला तळेगावचा काच कारखाना हेही स्वदेशीच्या चळवळीचंच अपत्य, आणि त्या कारखान्यावर फाळक्यांनी फिल्म केल्याचा उल्लेख त्यांच्या चित्रपटांच्या यादीत आहे. मराठी मुलखातल्या उद्योगाचं चित्रफितीतून दर्शन घडवण्याचे जे अगदी आरंभीचे प्रयत्न झाले, त्यांत याची गणना करायला हवी.

१९१७ साली 'लंकादहन' आला आणि फाळक्यांचे दिवस फिरले. राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होते; मारुती उड्डाण करत होता, लंका जळत होती. पुण्याच्या 'आर्यन'मध्ये गर्दीने दार मोडायची वेळ आणली. मद्रासमध्ये तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली, ही कथा तर चित्रपटसृष्टीत अजून सांगितली जाते. १ जानेवारी १९१८ रोजी नाशिकला 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी' सुरू झाली. 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. या चित्रपटाचा आरंभ पाहण्याजोगा आहे. आधी पडद्यावर मंदाकिनीचा चेहरा येतो, साधाच, आणि ती एकामागून एक भाव करून दाखवते. मग त्याच चेहऱ्यावर कृष्णाचं रूप विरघळत येतं. म्हणजे जादू करायच्या आधी जादूगार रिकामी टोपी दाखवतो ना, तसं. ही लहान मुलगी आहे, हिला अभिनय येतो, आता बघा हिचा कृष्ण कसा होतो!

पण नवल फार दिवस नवं राहत नाही, आणि फाळक्यांच्या जाहिरातीची मर्यादा तिथेच होती. काही वर्षांतच मारुतीचं उड्डाण लोकांच्या नजरेत मुरलं. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आले. ते मुळात पडदे रंगवणारे चित्रकार; त्यांनी जाहिरातीलाही चित्राची जोड दिली. १९२४ च्या 'कल्याण खजिना'ची त्यांची भित्तिपत्रकं भारतीय चित्रपटांच्या सर्वांत जुन्या उपलब्ध पोस्टरांत मोजली जातात. त्यांत फोटोंचा आकडा नाही, फिल्मची लांबी नाही. माणसं आहेत, पोशाख आहेत, नाट्य आहे. प्रेक्षकाला आता 'कसं केलं' याचं अप्रूप उरलं नव्हतं. 'पुढे काय होतं' आणि 'काम कोणाचं आहे' हे त्याला हवं होतं. बोलपट आल्यावर फाळक्यांनी 'गंगावतरण' (१९३७) हा एकच बोलपट केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं, तेव्हा जाहिरातीचा बाज पुरता पालटलेला होता. पुढची साठेक वर्षं तो नटांच्या चेहऱ्यावर, रेडिओवरच्या धुनांवर आणि दूरदर्शनवरच्या तीस सेकंदांवर चालला.

फाळक्यांची रीत परत आली ती स्वस्त कॅमेरा आणि फुकटचा पडदा एकत्र आले तेव्हा. यूट्यूब २००५ साली सुरू झालं. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतल्या ब्लेंडटेक या मिक्सर बनवणाऱ्या कंपनीने 'हे वाटलं जाईल का?' अशा अर्थाची मालिका सुरू केली. कंपनीचा संस्थापक टॉम डिक्सन पांढरा डगला घालून मिक्सरमध्ये काचेच्या गोट्या, गोल्फचे चेंडू, आणि पुढे आयफोनसुद्धा घालायचा आणि त्याचा भुगा करून दाखवायचा. खर्च अगदी किरकोळ. मिक्सरच्या गुणांचं वर्णन शून्य. जगभर लोकांनी ते व्हिडिओ एकमेकांना पाठवले. मराठीत 'कास्टिंग काउच विथ अमेय अँड निपुण' ही अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांची लटक्या मुलाखतींची मालिका २०१४ मध्ये यूट्यूबवर गाजली. त्यापाठोपाठ २०१६ मध्ये सारंग साठये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी 'भाडिपा' हे यूट्यूब चॅनल सुरू केलं. घरातल्या आई-मुलाच्या बोलण्यात एखादं उत्पादन अलगद आणून ठेवायचं, आणि ते जाहिरात आहे हे लपवायचंही नाही, ही तऱ्हा मराठी प्रेक्षकाने हसत स्वीकारली.

रत्नागिरीत हे वारं जोरात सुटलं ते २०२० च्या उन्हाळ्यात, आणि त्याला आमंत्रण संकटाचं होतं. मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा हापूसची तोडणी तोंडावर होती. वाशीच्या बाजाराचं काही खरं नव्हतं, वाहतूक अडकलेली, झाडावर फळ तयार. बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांशी थेट संधान बांधलं. मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यायची आणि टेम्पो सोसायटीच्या फाटकाशी लावायचा. अनोळखी गिऱ्हाइकाला माल दाखवायचा कसा? फोन काढून व्हिडिओ करून. त्याच वर्षी २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली, काही दिवसांत इन्स्टाग्रामने 'रील्स' आणलं आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने 'शॉर्ट्स'ची सुरुवात जगात सर्वप्रथम भारतातच केली. पुढचा मोसम येईपर्यंत आखूड व्हिडिओचा बाजार तयार होता. शेजारच्या सिंधुदुर्गातून 'कोकणी रानमाणूस' प्रसाद गावडे आणि 'कोकण हार्टेड गर्ल' अंकिता वालावलकर ही नावं घरोघरी पोचली. रत्नागिरीत नमन, शक्ती-तुऱ्याचे सामने, शिमग्याच्या पालख्या आणि आंब्याच्या बागा यांचे व्हिडिओ वाडीवाडीतून निघू लागले.

आंब्याच्या या व्हिडिओंची घडण ठरून गेल्यासारखी आहे. आधी मोहोर, मग सुपारीएवढी कैरी, मग भरलेलं झाड: चार महिन्यांची वाढ अर्ध्या मिनिटात. मग माणूस झाडावर, हातात झेला. झेल्याने देठासकट फळ उतरवायचं, जमिनीवर पडू द्यायचं नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'नूतन झेला' याचसाठी बनला. देठ ठेवून काढलेल्या फळावर चीक ओघळत नाही, साल डागाळत नाही. मग खळ्यात वजनाप्रमाणे निवड, पेंढ्यावर रचलेली अढी, आणि शेवटी सुरी. पिकलेला आंबा कॅमेऱ्यासमोर उभा चिरायचा आणि दोन्ही फाका उघडून दाखवायच्या, कारण हापूसच्या गिऱ्हाइकाच्या मनात खरी धास्ती साक्याची असते. बाहेरून फळ देखणं, आत कोयीलगत पांढरट स्पंजासारखा गर. सालीवरून तो ओळखू येत नाही. म्हणून जो बागायतदार कापून दाखवतो त्याच्या व्हिडिओवर नजर ठरते.

या चिरलेल्या आंब्याच्या व्हिडिओमागे आणखी एक भांडण आहे. परराज्यातला आंबा रत्नागिरी हापूस म्हणून विकला जातो, ही तक्रार जुनीच. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. इतर ठिकाणच्या फळाला ते नाव लावता येत नाही. पण कायद्याचा कागद फळाच्या गाड्यावर दिसत नाही, आणि व्हिडिओ तर कोणीही उचलून आपल्या खात्यावर टाकू शकतो. बाग रत्नागिरीची, फोन नंबर भलत्याचाच. त्यामुळे काही बागायतदार पेटीवर क्यूआर कोड लावतात, तर काही व्हिडिओतच सातबाऱ्यावरचं गाव आणि मानांकनाचा नोंदणी क्रमांक बोलून दाखवतात. तरीही खाली कोणीतरी हटकून विचारतोच: साका निघाला तर पैसे परत का? ज्याला तेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही हवं असतं, तो तिथल्या तिथे लिहून टाकतो की फोटो पाठवा, फळ बदलून देऊ.